गोळी शोधणाऱ्या यंत्राची कुळकथा

2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी पाठीतून आत शिरली आणि डॉक्टरांना काही केल्या सापडेना. तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल मदतीला धावले. तारेची वेटोळी एकमेकांशी तोलून ठेवायची; तोल साधला की टेलिफोन गप्प, जवळ धातू आला की तोल बिघडून आवाज. डेव्हिड ह्यूज यांनी 1879 मध्ये दाखवलेली ही युक्ती बेलनी सुधारून घेतली. पण गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि मुख्य डॉक्टरांनी तपासू दिली ती उजवी बाजू. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरात अध्यक्ष गेले. यंत्राचं तत्त्व बरोबर होतं, जागा चुकली होती.

पुढे 1937 मध्ये गेरहार्ड फिशर यांनी हातात धरून फिरवायच्या धातुशोधक यंत्राचं पेटंट मिळवलं, आणि 1942 मध्ये अल अलामेनच्या वाळवंटात पोलंडच्या युझेफ कोसात्स्कींच्या सुरुंगशोधकानं सैन्याला वाट मोकळी करून दिली. इतिहासाच्या अभ्यासाला हे यंत्र खऱ्या अर्थानं लागलं 1984 मध्ये. अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर आदल्या वर्षी वणव्यात गवत जळून गेलं होतं. पुरातत्त्वज्ञ डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी स्वयंसेवकांना यंत्रं घेऊन रांगेनं चालवलं, आवाज आला तिथं झेंडी रोवली, जागा नकाशावर मांडली आणि मगच खणलं. काडतुसांवरच्या खुणा जुळवून एकच बंदूक कुठून कुठं सरकत गेली, हेही त्यांना सांगता आलं.

हे वाचताना मला आपली असई दिसते. फुलंब्रीहून ईशान्येला, भोकरदनच्या पुढे, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात 23 सप्टेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीशी भिडली. आज हे गाव जालना जिल्ह्यात आहे. 1981 पर्यंत ते आपल्याच, म्हणजे फुलंब्रीच्या, जिल्ह्यात होतं. मराठ्यांच्या कवायती पलटणींचा सेनानी पोलमन केळणेकडे तोंड करून उभा होता. वेलस्ली पिंपळगाव आणि वरूडच्या मधल्या उतारानं नदी ओलांडून बगलेवर आला, तेव्हा पोलमननं सगळी रांग वळवून दोन नद्यांच्या मध्ये आडवी लावली. भर लढाईच्या तोंडावर इतकी शिस्त! या लढाईत इंग्रजांची दीड हजारांवर माणसं मारली गेली किंवा जायबंदी झाली.

ती वळवलेली रांग नेमकी कोणत्या शिवारातून जात होती, याची साक्ष जमिनीत असते. हातातून निसटलेली, न उडालेली शिशाची गोळी गोल राहते; ती सापडते तिथं शिपाई उभा होता. उडून आदळलेली गोळी चपटी होते. तिथं मारा पोचला. जुन्या शिशावर पांढुरका थर चढतो, त्यामुळे ती ढेकळात खड्यासारखी दिसते. त्यात आपली काळी जमीन. उन्हाळ्यात खोल भेगा पडतात, वरचं खाली जातं. पावसात ती फुगते, खालचं वर येतं. नांगर-वखर आणखी हलवाहलव करतात. तरीही शेकडो गोळ्या नकाशावर मांडल्या की रांगा उमटू लागतात.

म्हणूनच हौसेखातर किंवा गुप्तधनाच्या नादानं यंत्र घेऊन रानात फिरणाऱ्यांचा मला राग येतो. खिशात घातलेली गोळी म्हणजे नुसतं शिसं. ती कुठं पडली होती, ही माहिती कायमची गेली. 1878 च्या कायद्यानं दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे, पण एका गोळीची किंमत दहा रुपयेही भरणार नाही. तिची जपणूक शेतकऱ्याच्याच हाती आहे.

तेव्हा असईच्या आसपास कुणाची जमीन असेल आणि पाळी घालताना अशी गोळी वर आली, तर एवढं करा: मोबाइलवर तिथल्या तिथं फोटो काढा, गट नंबर आणि बांधापासूनचं अंतर लिहून ठेवा, आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.