मैदान, परवाना आणि गाणे

परमुलखात गेलेला प्रवासी तेथील देवळे, राजवाडे आणि वस्तुसंग्रहालये अगत्याने पाहतो. परंतु तेथील तरुण मंडळी रात्री कोठे जमतात आणि काय गातात हे पाहण्याची उत्कंठा फार थोड्यांस असते. चीन, तैवान व हाँगकाँग येथे जाणाऱ्याने ही उत्कंठा अवश्य बाळगावी. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्या आणि सरकारी गायनपथके ह्या दोहोंच्या बाहेर राहून तरुणांनी स्वतः रचलेले व स्वतः वाजवलेले जे संगीत तेथे गेल्या अर्धशतकात उभे राहिले, त्यास 'इंडी' हे इंग्रजी लघुनाम मिळाले आहे. त्याचा इतिहास गायकांच्या नावांनी सांगता येतो, तसाच तो जागांच्या नावांनीही सांगता येतो: कोणते सभागृह मिळाले, कोणते मैदान नाकारले गेले, कोणत्या कचेरीने अर्जावर काय शेरा मारला. आपणांपैकी अनेकांच्या मेजावर उत्सवाच्या मंडपाचे आणि जलशांचे अर्ज येऊन पडत असतात. तेव्हा ह्या पत्राच्या वाचकांस हा दुसरा इतिहास अधिक जवळचा वाटेल.

आरंभ तैवानपासून करणे सोयीचे आहे. १९७५ सालच्या जूनमध्ये यांग श्येन ह्या तरुणाने यू ग्वांग-जुंग ह्या कवीच्या कविता चाली लावून तैपेई येथील सभागृहात गायिल्या आणि विद्यार्थ्यांत स्वभाषेतील गीते रचण्याची हौस उत्पन्न झाली. पुढील वर्षी, ३ डिसेंबर १९७६ रोजी, तामश्वे येथील तामकांग महाविद्यालयात पाश्चात्त्य लोकगीतांचा कार्यक्रम चालू असता ली श्वांग-त्से नावाचा तरुण कोकाकोलाची बाटली हातात घेऊन मंचावर आला. देशोदेशी हिंडून आलो तरी सर्वत्र तरुण इंग्रजीच गाताना आढळतात, मग आपली स्वतःची गाणी कोठे आहेत, असा त्याचा प्रश्न होता. प्रश्न विचारून तो थांबला नाही. त्याने तेथेच जुनी तैवानी गीते म्हटली. पुढच्याच वर्षी समुद्रात बुडणाऱ्या एका परदेशी माणसास वाचविताना त्याचा अंत झाला. तैवानच्या सौंदर्यावरील त्याचे एक गीत मित्रांनी त्याच्या अंत्यविधीच्या वेळी गायिले. १९७९ साली त्याच नावाच्या मासिकाभोवती विरोधी पक्षीयांची चळवळ उभी राहिली, आणि एक निरुपद्रवी निसर्गगीत सरकारच्या डोळ्यांत सलू लागले. गीताचा अर्थ कवीच्या हाती राहत नाही, तो गाणाऱ्या जमावाच्या हाती जातो, ह्याचे हे चांगले उदाहरण होय.

त्या काळी तैवानात लष्करी कायदा अमलात होता आणि प्रत्येक गीत तपासनिसाच्या नजरेखालून जात असे. वैद्यकाचे शिक्षण घेतलेला लुओ ता-यू हा १९८२ साली आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेने पुढे आला. डोळ्यांस काळा चष्मा, वेष काळा आणि गीतांत शहरी जीवनावर बोचरी टीका, असे त्याचे रूप होते. आशियाच्या एका पोरक्या मुलाविषयीचे त्याचे गीत वस्तुतः तैवानच्या एकाकीपणाविषयी आहे, असे श्रोते समजत. परंतु त्यास इंडोचीनमधील निर्वासितांचे नाव जोडले गेले आणि ते तपासणीतून पार पडले. दफ्तरी कामात मुरलेल्या वाचकास ह्या युक्तीचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही.

१५ जुलै १९८७ रोजी लष्करी कायदा उठला. तोवर दूरचित्रवाणीवर मंदारिनखेरीज अन्य बोलींस फार थोडी जागा असे. दोनच वर्षांनी, १९८९ साली, 'ब्लॅकलिस्ट' नावाच्या मंडळींनी तैवानी होक्किएन बोलीत उपहासगीते काढली, आणि बाजारात बोलली जाणारी भाषा नव्या संगीतात उजळ माथ्याने आली. ह्याहून हृद्य कथा दक्षिणेतील मेइनोंग ह्या हाक्का वस्तीची आहे. तेथे धरण बांधण्याची योजना होती व ग्रामस्थांचा तीस विरोध होता. गावचा तरुण लिन शेंग-श्यांग आणि त्याचे सहकारी ह्यांनी तंबाखू वाळविण्याच्या जुन्या कोठारात ध्वनिमुद्रणाची सामग्री मांडून १९९९ साली हाक्का बोलीतील गीतांची मुद्रिका सिद्ध केली. चळवळीच्या रेट्याने ती योजना बासनात गेली. २००७ साली शासकीय 'गोल्डन मेलडी' पारितोषिके ह्याच गायकास हाक्का विभागात मिळाली, तेव्हा संगीताचे वर्गीकरण भाषेवरून न करता संगीतप्रकारावरून करावे असे सांगून त्याने ती नाकारली. 'प्रादेशिक' ह्या सदराखाली टाकला गेलेला सन्मान म्हणजे अर्धा सन्मान, हे त्याचे म्हणणे मराठी वाचकास निराळे समजावून सांगावयास नको.

महोत्सवांचा काळ ह्यानंतरचा. १९९५ साली दोघा अमेरिकन तरुणांनी बेटाच्या दक्षिण टोकास केन्डिंग येथे वसंतातील मेळा सुरू केला. २००० सालापासून ईशान्य किनाऱ्यावरील फुलोंगच्या वाळूत सागरी संगीतोत्सव भरू लागला. त्यास तत्कालीन तैपेई जिल्हा शासनाचा पाठिंबा होता आणि प्रवेश विनामूल्य होता. २००६ साली काओश्युंग बंदरात 'मेगापोर्ट' हा मेळा निघाला. बंदराच्या जुन्या गुदामांच्या परिसरात तो भरतो. प्रवाशाने ह्या तिघांतील भेद ध्यानात घ्यावा: पहिला हौशी परदेशीयांच्या पुढाकाराने निघाला, दुसरा जिल्हा कचेरीच्या आश्रयाने आणि तिसरा बंदराच्या गावाने आपला म्हणून जोपासला. त्याच काओश्युंगचा 'फायर एक्स' हा संच. मार्च २०१४ मध्ये विद्यार्थ्यांनी तैपेईतील विधिमंडळाचे सभागृह व्यापले, तेव्हा त्यांच्यासाठी ह्या संचाने रचलेल्या गीतास पुढील वर्षी वर्षातील सर्वोत्कृष्ट गीताचे 'गोल्डन मेलडी' पारितोषिक मिळाले. ज्या शासनाच्या सभागृहात ठिय्या दिला गेला, त्याच शासनाच्या पारितोषिकाने त्या ठिय्याचे गीत गौरविले जावे, ही गोष्ट लोकशाहीच्या इतिहासात नोंद करण्याजोगी आहे. तरीही कचेरीचा जाच संपला असे मात्र नाही. तैपेईतील 'अंडरवर्ल्ड' हे तळघरातील प्रसिद्ध गानगृह १९९६ पासून चालले आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी, निवासी वस्तीचे नियम व अग्निसुरक्षेच्या तपासण्या ह्यांपुढे टिकाव न लागून २०१३ साली बंद पडले.

चीनच्या मुख्य भूमीवरील कथा निराळी आहे. सांस्कृतिक क्रांती सरल्यावर तैवानच्या टेरेसा तेंग हिच्या फिती चोरवाटांनी तेथे पोहोचल्या. दिवसा थोरल्या तेंगांचे, म्हणजे नेते तेंग श्याव-पिंग ह्यांचे ऐकावे आणि रात्री धाकट्या तेंगचे, असा विनोद त्या वेळी लोकांच्या तोंडी होता. ९ मे १९८६ रोजी आंतरराष्ट्रीय शांतता वर्षानिमित्त पेकिंगच्या कामगार क्रीडांगणात शंभरांहून अधिक गायकांचा कार्यक्रम झाला. त्यात त्सुई ज्येन हा पंचविशीच्या आतबाहेरचा, कोरियन वंशाचा तरुण आपले 'माझ्यापाशी काहीच नाही' अशा आशयाचे गीत घेऊन उभा राहिला. पेशाने तो सरकारी वाद्यवृंदातील ट्रंपेटवादक. गीत वरकरणी प्रेयसीस उद्देशून होते, परंतु समाजवादी राष्ट्राच्या राजधानीत 'काहीच नाही' हे शब्द उच्चारले जाताच श्रोत्यांनी त्यांचा अर्थ आपापल्या परीने लावला. त्याच्या रचनांत वायव्येकडील डोंगराळ लोकगीतांचा सूर आहे. त्याचा सहकारी ल्यू युआन सुओना वाजवीत असे, आणि सुओना हे वाद्य आपल्या सनईच्या कुळातील आहे. १९८९ च्या मे महिन्यात त्याने तिएनआनमेन चौकातील विद्यार्थ्यांपुढे गायिले. १९९० साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या निधीसाठी त्याला दौऱ्याची अनुमती मिळाली व तो दौरा मध्येच थांबविला गेला.

त्यानंतरच्या दशकातील तरुणांचे शिक्षण एका विचित्र वाटेने झाले. पाश्चात्त्य कंपन्यांचा न खपलेला माल, म्हणजे ध्वनिफिती व तबकड्या, कडेस करवतीची खाच मारून प्लॅस्टिकचा भंगार म्हणून चीनच्या बंदरांत येई. खाच पडलेली तबकडी शेवटची एकदोन गाणी सोडून बाकी वाजत असे. भंगारातून त्या पदपथांवरील विक्रेत्यांकडे आल्या आणि त्यांवर एक अख्खी पिढी पोसली गेली. 'दाकोउ', म्हणजे खाच पडलेली, असे त्या पिढीचे नावच पडले. कोणत्याही मंत्रालयाने आखलेला नव्हता असा हा अभ्यासक्रम होता.

ह्याच पिढीसाठी १९९३ साली पेकिंगात मिडी संगीतशाळा निघाली. २००० साली तिने आपल्याच सभागृहात विद्यार्थ्यांचा महोत्सव भरविला. शाळेच्या आवारात परवान्याचा प्रश्न सौम्य असतो, हे त्यामागील शहाणपण. पुढे मेळा उघड्या मैदानात आला, आणि मग प्रत्येक वर्षी एक नवे विघ्न: २००३ साली सार्सच्या साथीमुळे तो ऑक्टोबरवर गेला, २००८ साली ऑलिंपिकपूर्वी मे महिन्यातला मेळा रद्द होऊन ऑक्टोबरात भरला, २००९ साली मिडीने यांगत्से नदीकाठच्या जन्ज्यांग शहराचा आश्रय घेतला. त्याच वर्षी १९९७ साली स्थापन झालेल्या 'मॉडर्न स्काय' ह्या संस्थेने पेकिंगच्या तोंगजोउ भागात 'स्ट्रॉबेरी' मेळा सुरू केला, आणि उत्तरेकडील जांगबेईच्या कुरणांवरही महोत्सव भरू लागला. येथे एक वळण लक्षात घेण्याजोगे आहे. राजधानीस जे गोंगाट वाटत होते, ते लहान शहरांच्या अधिकाऱ्यांस पर्यटनाचे भांडवल वाटू लागले. सांस्कृतिक विभाग हात आखडता घेतो आणि पर्यटन विभाग हात पुढे करतो, हा अनुभव केवळ चीनचा नव्हे.

ज्यास हे संगीत त्याच्या घरी ऐकावयाचे आहे त्याने महोत्सवाबरोबर गावेही पाहावीत. वूहान हे पंक संगीताचे गाव. तेथील 'एसएमझेडबी' हा संच १९९६ पासूनचा. चेंगदूच्या युलिन रस्त्यावरील 'श्याव ज्यूग्वान', म्हणजे छोटा गुत्ता, १९९७ साली निघाला. जाव लेई ह्याच्या चेंगदूवरील गीतात त्याचा उल्लेख आल्यामुळे २०१७ नंतर तेथे गाणे ऐकणाऱ्यांपेक्षा छायाचित्र काढणाऱ्यांची गर्दी अधिक होऊ लागली. क्वांगतुंग प्रांतातील हायफेंग हे छोटेसे तालुक्याचे गाव 'वूत्याव रेन' ह्या संचाने २००९ च्या मुद्रिकेत आपल्या बोलीत गायिले, आणि २०२० साली एका लोकप्रिय स्पर्धाकार्यक्रमाने ती बोली देशभर पोहोचविली.

पेकिंगच्या नैर्ऋत्येस असलेले शिज्याच्वांग मराठी प्रवाशाने चुकवू नये. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निवर्तले; त्यांची समाधी ह्या शहरातील हुतात्मा स्मशानभूमीत आहे. ह्याच शहरातील एका संचाने २०१० साली काढलेल्या मुद्रिकेत औषधांच्या कारखान्यातून कामाची पाळी संपवून घरी निघालेल्या माणसाचे गीत आहे. सरकारी कारखान्यांच्या भरवशावर उभ्या राहिलेल्या शहराखालची जमीन सरकू लागली तेव्हाचे सारे दुःख त्या संथ गीतात व त्यातील ट्रंपेटच्या सुरात साठले आहे. सकाळी समाधीवर फूल ठेवावे आणि संध्याकाळी हे गीत ऐकत शहरातून फिरावे. चीनची दोन शतके एका दिवसात भेटतात.

हाँगकाँगात अडचण भाषेची नसून जागेची आहे. तेथे भाडी एवढी चढी की कँटोनीज तरुणांनी रिकाम्या औद्योगिक इमारतींत सराव व जलसे सुरू केले. क्वुनतोंग भागात २००९ साली निघालेले 'हिडन अजेंडा' हे त्यांतील प्रसिद्ध गानगृह. औद्योगिक जागेत करमणुकीचा परवाना मिळत नाही, म्हणून त्याने बिऱ्हाडे बदलली. अखेर मे २०१७ मध्ये परदेशी वादकांच्या कामाच्या परवान्यावरून धाड पडली आणि ते बंद झाले. २००८ पासूनचा 'क्लॉकनफ्लॅप' हा मोठा महोत्सव मात्र पुढे मध्यवर्ती बंदरकाठी सन्मानाने भरला. एकाच शहरात मोठ्यास समुद्रकिनारा आणि धाकट्यास धाड, हा न्याय विचार करावयास लावतो.

मुख्य भूमीवर जाणाऱ्याने थोडी व्यावहारिक दक्षता घ्यावी. सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेल्या आदेशानुसार ५,००० हून अधिक प्रेक्षकांच्या कार्यक्रमास खऱ्या नावानेच तिकीट घ्यावे लागते व प्रवेशाच्या वेळी ओळख पटवावी लागते. एकूण तिकिटांपैकी निदान ८५ टक्के सर्वसामान्यांस विकली गेली पाहिजेत असेही त्यात आहे. दलालांस आवर घालण्याचा हेतू स्तुत्य आहे. परंतु कोण कोणते गाणे ऐकावयास गेला ह्याची यादीही त्यामुळे आपोआप तयार होते. तेव्हा पारपत्र जवळ असावे आणि त्या त्या वर्षीच्या तारखा निघण्यापूर्वी पडताळून घ्याव्यात. तंबूत राहणार असल्यास मौल्यवान वस्तू नेऊ नयेत. २०२३ च्या शरद ऋतूत होनान प्रांतातील नानयांग येथे मिडी मेळ्याच्या तळावरून श्रोत्यांचे सामान चोरीस गेल्याने मोठा गाजावाजा झाला. यजमान शहराने मिळविलेले नाव एका रात्रीत गेले.

परवान्यावर जगणारे गाणे स्वतंत्र म्हणावे काय, असा प्रश्न ह्या इतिहासातून सहजच निघतो. ह्यावर दोन टोकांची उत्तरे दिली जातात. एक पक्ष म्हणतो की सरकारी मैदानात शिरताच गाण्याचा दंश गेला. दुसरा म्हणतो की मैदान मिळाले नसते तर गाणे तळघरातच विझले असते. दोन्हींत तथ्य आहे. परंतु मेइनोंगचे कोठार, शिज्याच्वांगचा कारखाना आणि हायफेंगची बोली ह्यांचा विचार करता असे दिसते की गाण्याचे स्वातंत्र्य मुख्यतः त्याच्या विषयात व भाषेत असते. त्या दोन गोष्टी गायकाच्या हाती राहिल्या तर परवाना त्यास छाटू शकतो, पण घडवू शकत नाही. ह्याच्या उलट, विषयच जर परवाना मिळण्याजोगा निवडला गेला, तर उघड्या माळावर, लाखाच्या जमावापुढे गायिलेले गीतही दरबारीच समजावे.

आणि जो परवाना देतो त्याच्याविषयीही दोन शब्द. ह्या सर्व कथेत अर्ज नाकारणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. फुलोंगची वाळू किंवा काओश्युंगची गुदामे तरुणांस मोकळी करून देणाऱ्यांचीही नाहीत. पण पहिल्यांच्या निर्णयातून बंद दारे उरली आणि दुसऱ्यांच्या निर्णयातून गाणी. बदलीच्या गावी, परक्या भाषेच्या मुलखात, आपल्या मेजावर एखाद्या अनोळखी मंडळाचा जलशाचा अर्ज आला, तर सही करण्यापूर्वी एवढी गोष्ट आठवावी.