हातकणंगले : दोनदा हो, तिसऱ्यांदा नाही

अमेरिकेत दर चार वर्षांनी एक वाद रंगतो: खुर्चीवर बसलेल्या राष्ट्राध्यक्षाला आणखी एक संधी द्यावी का? त्या वादाला वरून एक झाकण आहे. जॉर्ज वॉशिंग्टन 1796 मध्ये तिसऱ्यांदा उभे राहायला तयार झाले नाहीत आणि त्यातून दोनच खेपांचा संकेत पडला. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 1932 ते 1944 या काळात चार निवडणुका जिंकून तो मोडला, तेव्हा 1951 मध्ये बाविसावी घटनादुरुस्ती करून त्याला कायद्याचे रूप देण्यात आले. आपल्याकडे खासदारावर असे कसलेही बंधन नाही. लोक निवडून देतील तोवर त्याने दिल्लीला जात राहावे. तरीही कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका मतदारसंघात 1996 पासून जे घडत आले आहे, ते पाहून कुणालाही वाटावे की इथे बाविसावी दुरुस्ती कुणीतरी गुपचूप लागू केली आहे.

आजचा हातकणंगले लोकसभा मतदारसंघ म्हणजे पश्चिमेला शाहूवाडीच्या सह्याद्रीच्या उतारापासून पूर्वेला नृसिंहवाडीच्या कृष्णा-पंचगंगा संगमापर्यंत पसरलेला मुलूख. शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी, शिरोळ हे कोल्हापूर जिल्ह्यातले आणि इस्लामपूर, शिराळा हे सांगलीतले, असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. 2008 च्या पुनर्रचनेत त्याला हे नाव मिळाले. 1977 पासून तोवर तो इचलकरंजी या नावाने ओळखला जाई. त्याच्याही आधी, 1962 ते 1971 या काळात, हातकणंगले नावाचा मतदारसंघ होताच. त्या तीन निवडणुकांनी तीन वेगवेगळे खासदार दिले: काँग्रेसचे कृष्णाजी मोरे, मग शेतकरी कामगार पक्षाच्या विजयमाला राणीसाहेब, मग पुन्हा काँग्रेसचे दत्ताजीराव कदम. 1977 मध्ये रुकडीचे बाळासाहेब माने निवडून आले आणि नंतर 1980, 1984, 1989 व 1991 अशा चारही वेळा तेच आले. त्यातली पहिली निवडणूक आणीबाणीनंतरची. महाराष्ट्रातल्या 48 पैकी 20 जागाच काँग्रेसच्या हाती राहिल्या होत्या आणि शेजारचे कोल्हापूर शेकापने घेतले होते. तेव्हा बाळासाहेबांची सुरुवात लाटेच्या जोरावर झाली असे कुणी म्हणू शकत नाही.

1996 मध्ये ही माळ तुटली आणि तिथून एक चमत्कारिक ठेका सुरू झाला. 1996 आणि 1998 मध्ये काँग्रेसचे कल्लाप्पाण्णा आवाडे. 1999 आणि 2004 मध्ये राष्ट्रवादीच्या निवेदिता माने, म्हणजे बाळासाहेबांच्या सूनबाई. 2009 आणि 2014 मध्ये स्वाभिमानीचे राजू शेट्टी. 2019 आणि 2024 मध्ये निवेदिताताईंचे चिरंजीव धैर्यशील माने. आठ निवडणुका, चार खासदार, प्रत्येकाच्या वाट्याला नेमक्या दोन. पहिल्या खेपेनंतर कुणालाच घरी पाठवलेले नाही आणि तिसरी खेप अजून कुणाला मिळालेली नाही. एकदा गेलेला परतही आलेला नाही. आवाडे 2014 मध्ये पुन्हा उभे राहिले आणि हरले, शेट्टी 2024 मध्ये उभे राहिले आणि तिसऱ्या क्रमांकावर गेले.

एवढा नेमका आकडा समोर आला की त्याचा अर्थ लावण्याचा मोह होतो. पारावरचा अर्थ ठरलेला आहे: इथला मतदार शहाणा, एकदा संधी देतो, दुसऱ्यांदा मुदतवाढ देतो, तिसऱ्यांदा हिशेब मागतो. ऐकायला हे छान आहे; इथल्या मतदारालाही आवडेल. मला मात्र ते पटत नाही. माझे म्हणणे असे की या आठपैकी बहुतेक निवडणुकांत ‘विद्यमान खासदाराला पुन्हा पाठवायचे का’ हा प्रश्न मतदारापुढे सुटा आलाच नाही. दर वेळी तो ‘हा खासदार आज कुणाच्या पंगतीत बसला आहे’ या प्रश्नात मिसळून आला. दुसरी खेप मिळाली ती बहुधा नवे सोबती जोडले गेल्यामुळे, आणि तिसरी हुकली ती दोन निवडणुकांच्या मधल्या काळात राजकारणाची मांडणीच बदलल्यामुळे.

आवाडे यांचेच पाहू. हुपरीचा जवाहर साखर कारखाना उभा करणारा हा सहकारातला मोठा माणूस. पण त्यांच्या दोन खेपा मिळून जेमतेम तीन वर्षांच्या भरल्या, कारण दिल्लीतली सरकारे टिकत नव्हती. 1998 ची निवडणूक दोन वर्षांच्या आत आली आणि 1999 ची त्यानंतर दीड वर्षात. एवढ्या काळात खासदाराचा कंटाळा यायलाही फुरसत मिळत नाही. मधे घडले ते इतकेच की 1999 च्या जूनमध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना केली आणि पश्चिम महाराष्ट्रातली काँग्रेस उभी चिरली. त्या चिरेच्या एका बाजूला आवाडे राहिले, दुसऱ्या बाजूने निवेदिता माने आल्या आणि जिंकल्या. 2004 मध्ये दोन्ही काँग्रेस एकत्र लढल्या. पाच वर्षांपूर्वी विरोधात असलेली ताकद आता निवेदिताताईंच्या पाठीशी होती आणि दुसरी खेप सोपी झाली. 2009 मध्ये त्यांच्यासमोर जो उमेदवार आला, तो दोन्ही काँग्रेसच्या जुन्या भांडणाच्या बाहेरून आला होता.

राजू शेट्टी हे शिरोळचे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत घडलेले, जिल्हा परिषदेतून 2004 मध्ये अपक्ष आमदार झालेले आणि वेगळे होऊन ‘स्वाभिमानी’ काढलेले. दर हंगामाआधी जयसिंगपूरला ऊस परिषद भरवायची, तिथे पहिल्या उचलीचा आकडा जाहीर करायचा आणि तो मिळेपर्यंत तोडी व वाहतूक रोखायची, अशी त्यांची रीत. कारखान्याचा चेअरमन, तोच आमदार, तोच बँकेचा संचालक अशा भागात हे राजकारण मुळापासून वेगळे होते. ‘एक नोट, एक व्होट’ म्हणत त्यांनी शेतकऱ्यांकडून मतांबरोबर पैसेही मागितले आणि लोकांनी दिलेही. कोणत्याही मोठ्या आघाडीत नसताना ते 95,060 मतांनी निवडून आले. 2014 मध्ये ते भाजप-शिवसेनेच्या महायुतीत गेले, समोर काँग्रेसचे आवाडे होते आणि मताधिक्य 1,77,810 वर पोहोचले.

इथे कुणी म्हणेल की ती मोदी लाट होती. होती, हे खरेच. पण त्याच लाटेत शेजारच्या कोल्हापूरने शिवसेनेच्या संजय मंडलिकांना नाकारून राष्ट्रवादीच्या धनंजय महाडिकांना निवडून दिले. राष्ट्रवादीला राज्यभरात मिळालेल्या चार जागांतली ती एक. दोन्ही मतदारसंघ मुख्यतः एकाच जिल्ह्यात, मतदान एकाच हंगामात आणि निकाल उलटे. तेव्हा 2014 चे सगळे श्रेय लाटेला देता येत नाही. गेल्या तीस वर्षांत विद्यमान खासदाराच्या कामावर खरोखर कौल मागितला गेला अशी एखादी निवडणूक दाखवायची तर मी हीच दाखवीन. त्यातही नव्या सोबत्यांचा हात होताच, हे मान्य करून.

मग पाच वर्षांत असे काय झाले की हाच माणूस 96,039 मतांनी पडला? खासदारकीचे काम हा निकष धरला, तर शेट्टी यांच्या दुसऱ्या खेपेत कमी पडावे असे फारसे नव्हते. देशभरातल्या शेतकरी संघटनांच्या समन्वय समितीत ते पुढे होते. 2018 मध्ये कर्जमुक्ती आणि हमीभाव यांवरची दोन खासगी विधेयके त्यांनी लोकसभेत मांडली आणि वीसहून अधिक पक्षांनी त्यांना पाठिंबा दिला. दिल्लीत त्यांचे वजन 2009 पेक्षा नक्कीच वाढले होते. गावाकडे मात्र दोन गोष्टी घडल्या होत्या. 2017 मध्ये ते भाजपची साथ सोडून बाहेर पडले आणि 2019 मध्ये दोन्ही काँग्रेसच्या आघाडीतून उभे राहिले. ज्या कारखानदारांच्या दारात त्यांनी उसाच्या दरासाठी ठिय्या दिला होता, तेच आता प्रचाराच्या व्यासपीठावर शेजारी होते. दुसरी गोष्ट पाण्याची. वारणेचे पाणी इचलकरंजीला नेण्याच्या योजनेला 2018 मध्ये दानोळीच्या शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. यंत्रमागाच्या शहराला प्यायला पाणी हवे आणि नदीकाठच्या गावाला ते द्यायचे नाही, अशा पेचात ज्याची सारी ताकद उसाच्या गावांत आहे तो खासदार शहराचा वाटणे अवघडच. पुढे इचलकरंजीने माने यांना भरघोस आघाडी दिली, ती दोन्ही निवडणुकांत.

शेट्टी यांच्या पराभवाची आणखी दोन कारणे नेहमी सांगितली जातात. एक जातीचे. ते जैन समाजाचे आणि 2019 मध्ये प्रचार मराठा-जैन या अंगाने फिरवला गेला, असे. प्रचारात ते बोलले गेले हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शेट्टी 2009 मध्येही जैनच होते, आणि तेव्हा त्यांनी हरवले ते मराठा घराण्यातल्या उमेदवाराला. न बदललेल्या गोष्टीने बदललेला निकाल कसा समजावून सांगायचा? फार तर असे म्हणता येईल की शेतकरी म्हणून बांधलेली मोट सैल झाली तेव्हा जातीच्या गाठी वर आल्या. दुसरे कारण मतविभागणीचे. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला 1,23,419 मते पडली, म्हणजे मताधिक्यापेक्षा जास्त. यात तथ्य आहे. परंतु ही सगळी मते एरवी शेट्टी यांच्याच पेटीत पडली असती असे मानायला मी तयार नाही. जिंकायला त्यांतली सुमारे चार पंचमांश मते लागली असती.

मतविभागणीचा खरा धडा 2024 चा आहे. शिवसेनेतून निवडून आलेले धैर्यशील माने 2022 मध्ये पक्ष फुटल्यावर एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले होते. समोर उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे सत्यजित पाटील-सरूडकर आणि तिसऱ्या बाजूला एकटे लढणारे शेट्टी. माने यांना 5,20,190 मते मिळाली, म्हणजे आधीच्या खेपेपेक्षा 65 हजारांनी कमी. सत्यजित पाटील यांना 5,06,764 आणि शेट्टी यांना 1,79,850. फरक अवघा 13,426 मतांचा. खासदार बदलावा असे म्हणणारे मतदार उघडच जास्त होते, पण कोण आणावा यावर त्यांचे एकमत नव्हते. 1912 मध्ये अमेरिकेत याच्या नेमके उलट झाले होते. विद्यमान राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्याच पक्षातून थिओडोर रूझवेल्ट फुटले आणि वेगळे उभे राहिले. टॅफ्ट तिसऱ्या क्रमांकावर घसरले आणि विल्सन साधारण 42 टक्के मतांवर निवडून आले. तिथे फूट सत्ताधाऱ्याच्या घरात पडली म्हणून सत्ताधारी बुडाला, इथे ती विरोधकांत पडली म्हणून तरला. दोन्हीकडे ‘हा लायक आहे का’ याचे उत्तर निकालातून शोधू गेले तर हाती काही लागत नाही.

दोन खेपांचा संकेत हा या मातीचाच गुण असता, तर तो पंचगंगेच्या पलीकडेही दिसायला हवा होता. कोल्हापूर मतदारसंघाचा इतिहास तसे म्हणू देत नाही. उदयसिंहराव गायकवाड 1980 पासून 1996 पर्यंत पाच वेळा निवडून आले. सदाशिवराव मंडलिक 1998, 1999 आणि 2004 मध्ये जिंकले. 2009 मध्ये राष्ट्रवादीने त्यांना तिकीट नाकारून संभाजीराजेंना दिले, तर मंडलिक अपक्ष उभे राहिले आणि चौथ्यांदा जिंकले. त्यानंतर मात्र याच कोल्हापूरने 2014, 2019 आणि 2024 अशा सलग तीन वेळा नवा खासदार दिला: महाडिक, संजय मंडलिक आणि शाहू छत्रपती. एकच जिल्हा, तेच ऊसवाले, तसाच सहकार. पण एकीकडे पाच खेपा, चार खेपा आणि मग एकेक, तर दुसरीकडे दोन-दोन. यात रूढी शोधणाऱ्याला आकड्यांनी चकवले आहे असेच मी म्हणेन.

शिवाय माणसाऐवजी घर मोजले की हातकणंगलेचा हा सगळा ठेकाच नाहीसा होतो. 1977 पासून तेरा निवडणुका झाल्या. त्यांपैकी नऊ रुकडीच्या माने घराण्याने जिंकल्या: पाच बाळासाहेबांनी, दोन सुनेने, दोन नातवाने. बाकीच्या चार आवाडे आणि शेट्टी यांच्या. मधल्या काळात या घराने काँग्रेस, राष्ट्रवादी, शिवसेना आणि शिंदे यांची शिवसेना असे झेंडे पाहिले. व्हाइट हाऊसमध्येही बाप-लेक जाऊन आले आहेत, पण बाविसावी दुरुस्ती एका माणसाच्या खेपा मोजते, घराच्या मोजत नाही. इथला मतदारही तेच करत आला आहे. निवेदिताताईंना तिसऱ्यांदा नाकारले 2009 मध्ये, आणि दहा वर्षांनी त्यांच्या मुलाला निवडून दिले, तेही त्यांना हरवणाऱ्यालाच पाडून. यावर घराण्याचे समर्थक म्हणतील की लोकांनी दर वेळी मत दिले आहे, गादी कुणी बळकावलेली नाही. ते बरोबर आहे. फक्त मग खासदाराचा हिशेब मागितला गेला असे म्हणता येत नाही, कारण ज्याचा हिशेब मागायचा तो दर पिढीला नवा चेहरा आणि नवे चिन्ह घेऊन उभा राहतो.

पुढची निवडणूक नेहमीच्या वेळी झाली तर 2029 ची. तेव्हा धैर्यशील माने उभे राहिले, तर 1996 नंतर तिसरी खेप मागणारे ते आणखी एक खासदार ठरतील. निकालाचा अंदाज बांधायचा असेल, तर त्यांनी संसदेत किती प्रश्न विचारले याची यादी मी आधी उघडणार नाही. दोन्ही शिवसेना तेव्हा कुठे असतील, शेट्टी कुणाबरोबर उभे असतील की एकटेच, आणि इचलकरंजीच्या नळाला कोणत्या नदीचे पाणी आले असेल, हे आधी पाहीन.