सुताराचं वर्ष

विंचूर म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला विंचूरकरांची जहागीर आठवते. पानिपतावर लढलेले सरदार विठ्ठल शिवदेव, गावातली गढी, पुण्यातला टिळक राहिले तो विंचूरकर वाडा. आमचे आजोबा मात्र जुना काळ सांगायला बसले की सुताराच्या पडवीपासून सुरुवात करायचे. त्यांच्या लेखी कुणब्याचं वर्ष तिथंच उजाडायचं.

आखाजी झाली की त्या पडवीपुढं औतांची दाटी होई. कुणाच्या नांगराची हाळीस तडकलेली, कुणाचं रुमणं ढिलं झालेलं, कुणाच्या पाभरीचं चाडं फुटलेलं. मृग लागायच्या आत सगळ्या गावाची औतं उभी राहायला हवीत. सुतारबाबा आधी धन्याची उंची बघत, मग बैलांचे खांदे, मग विचारत, ‘रान काळं की मुरमाड?’ त्यानंतरच हातात वाकस येई. हाळीस आणि खोड जिथं मिळतात तिथं पाचर किती ठोकायची, यावर नांगर खोल जाणार की वरवर ओरखडणार हे ठरे. पट्टीवर न मावणारं ते माप बाबांच्या नजरेत होतं.

पेरण्या उरकल्या की कोळपी, मग पोळ्याच्या आधी जुवांची डागडुजी. अमावास्येला हत्यार बंद, ही सुतारांची पाळणूक. खंडेनवमीला वाकस, पटाशी, किकरं, रंधा, करवत, सामता असं सगळं घासूनपुसून पाटावर मांडलं जाई. माघात शुद्ध त्रयोदशीला विश्वकर्म्याची जयंती. बाभळ तोडायची ती वद्य पक्षात, आणि तोडली की ओंडके पाण्यात बुडवून ठेवायचे, म्हणजे कीड लागत नाही, असं आजोबा सांगत.

चाकाला धाव चढवायचा दिवस पोरांसाठी जत्राच. तुंबा, आरे आणि बाहेरचा घेर सुतारानं सांधलेला असे. लोखंडी धाव लोहारानं मुद्दाम घेरापेक्षा जराशी लहान केलेली. गोवऱ्यांच्या आरात ती लाल झाली की सांडशींनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच घागरींनी पाणी ओतायचं. लाकूड धुरकटे, वाफ उसळे, आणि आकसत्या लोखंडाखाली एकेक सांधा करकरत आवळला जाई. खिळा एक नाही, तरी ते चाक लासलगावच्या बाजारापर्यंत भरली गाडी वाहून नेई.

या वर्षभराच्या कामाचं मोल खळ्यावर. बाजरीची रास झाली की बलुत्याचा वाटा निघे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली ‘गावगाडा’त ही सारी व्यवस्था मांडली, आजोबांनी तीच आमच्या खळ्यावर पाहिली होती. तिची दुसरी बाजूही ते लपवत नसत. पीक बुडालं की सुताराचे वर्षभराचे कष्टही बुडाले. 72च्या दुष्काळात खळीच लागली नाहीत, तेव्हा चाकाचे आरे बसवणारे हात दुष्काळी कामावर खडी फोडत होते, हे सांगताना आजोबांचा आवाज बसायचा.

लाकडी नांगराची सद्दी त्याआधीच संपत आली होती. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विसाव्या शतकाच्या आरंभीच निघाले. पुढं रबरी चाकाच्या गाड्या आल्या, मग ट्रॅक्टर. तालुक्यातच ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला आणि कारागिरांची काही पोरं महिन्याच्या पगारावर तिकडं लागली. गावात द्राक्षं आली, वाईन पार्क आला. बलुतं गेलं ते बरंच झालं. कष्टाचा मोबदला दुसऱ्याच्या राशीवर अवलंबून असणं हा अन्यायच होता.

पण बलुत्याबरोबर बाबांची नजरही गेली, याची मला फार खंत आहे. औत माणसाच्या बेतानं घडवायचं, जमिनीला विचारून पाचर ठोकायची, मोडलं ते टाकून न देता सांधायचं, ही विद्या कुणा सरदाराच्या दप्तरात सापडायची नाही. ती ऐंशी-नव्वदीच्या म्हाताऱ्यांपाशी अजून थोडी शिल्लक आहे. गावच्या शाळेनं एक जुनी पाभर मिळवावी, त्यांना बोलवावं, प्रत्येक भागाचं नाव आणि काम पोरांकडून लिहून घ्यावं. गढी कुणाची हे पोरांना ठाऊक आहेच. जहागिरीतलं रान कुणाच्या हातच्या औतांनी पिकलं, तेही त्यांना नावानिशी सांगता आलं पाहिजे.