जीवनसत्त्वन्यूनता, स्थूलताशस्त्रक्रियोत्तर

अतिस्थूलता कमी करण्यासाठी जठर लहान केल्यानंतर किंवा अन्नाचा मार्ग आतड्यात वळविल्यानंतर शरीरात जीवनसत्त्वांची जी तूट पडते, तिच्यामुळे संभ्रम, स्मृतिनाश, खिन्नता व चिडखोरपणा असे विकार उद्भवू शकतात. परंतु ते ‘मनाचे’ म्हणून गणले गेले की त्यांचे मूळ आहारात व रक्तात शोधण्याचे राहून जाते.

अमेरिकेतील आयोवा येथे एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठराचा वरचा कप्पा वेगळा करून तो लहान आतड्यास जोडण्याची शस्त्रक्रिया केली. तिच्या आजच्या प्रकारात अन्न ग्रहणीला वळसा घालून जाते. दुसऱ्या प्रचलित पद्धतीत जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी केली जाते.

सर्वांत त्वरेने भासणारी तूट थायामिनाची, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाची. शर्करेपासून ऊर्जा मिळविण्यास मेंदूला ते अपरिहार्य असते; मात्र शरीरातील त्याची शिल्लक अवघी तीस मिलिग्रॅमच्या आसपास असून, आवक थांबल्यास ती दोन-तीन आठवड्यांत सरते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ज्या रुग्णास वारंवार उलट्या होतात, त्याची दृष्टी दुहेरी झाली, चाल अडखळू लागली किंवा बोलण्यात असंबद्धता आली, तर विलंबास जागा नाही. आणि ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसण्याची वाट पाहणे हीही हयगयच होय, कारण बहुसंख्य रुग्णांत ती एकत्र आढळत नाहीत. देह अद्याप धिप्पाड दिसत असल्यामुळे हा मनुष्य उपासमारीने आजारी आहे, ही शंका आप्तांना येत नाही, कधी वैद्यांनाही येत नाही. अशा रुग्णास नुसते ग्लुकोजचे सलाईन लावल्यास उरलेसुरले थायामीनही खर्ची पडते. म्हणून थायामीन शिरेवाटे, मोठ्या मात्रेत आणि ग्लुकोजच्या आधी देण्याची तजवीज करावी लागते. उपचार चुकला तर पुढे कोर्साकोव्ह यांनी वर्णिलेला स्मृतिनाश कायमचा जडतो.

थायामिनाच्या तुटीने होणाऱ्या या मस्तिष्कविकाराचे पहिले वर्णन कार्ल व्हेर्निके यांनी १८८१ मध्ये केले. त्यांच्या तीन रुग्णांपैकी दोघे मद्यासक्त होते. तिसरी मात्र शिवणकाम करणारी एक तरुणी होती, जिला गंधकाम्ल प्यायल्याने जठराचे द्वार आकुंचित होऊन सतत उलट्या होत असत. पोटाच्या विकारातून मेंदूचा विकार उद्भवल्याचा हा दाखला जीवनसत्त्वांची कल्पना रूढ होण्यापूर्वीचा आहे, आणि मद्याची चर्चा फार झाल्याने तो मागे पडला, ही खेदाची गोष्ट होय.

ब१२ची गोष्ट निराळी. त्याच्या शोषणास जठरातील आम्ल व एक विशिष्ट प्रथिन लागते, आणि दोन्हींचा पुरवठा शस्त्रक्रियेने घटतो. तथापि यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने विस्मरण, औदासीन्य व पायांतील बधिरता उशिरा प्रकट होते. महाराष्ट्रातील शाकाहारी रुग्णाला ही मुदतही मिळेलच असे नाही. पुण्याच्या परिसरातील संशोधनात शस्त्रक्रियेचा संबंध नसलेल्या लोकांतही ब१२ची कमतरता विपुल आढळली आहे. लूसी विल्स यांच्या मुंबईतील संशोधनाने ज्याच्या शोधाची वाट मोकळी केली, ते फॉलिक आम्ल एकटेच दिल्यास रक्त सुधारते, पण ब१२अभावी होणारी मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

प्रत्येक खिन्नतेचे कारण जीवनसत्त्वन्यूनताच असते, असे मात्र नाही. स्वीडनमधील दीर्घकालीन अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांत आत्महत्या व आत्मघाताचे प्रयत्न अधिक आढळले. त्यांची कारणे अनेक असल्याने रक्ततपासणीबरोबर मनोवैद्याची भेटही चालू ठेवावी लागते. शिवाय जठराला वळसा दिल्यावर मद्य रक्तात झपाट्याने भिनते व काहींना त्याचे व्यसन नव्याने लागते. मग व्हेर्निके यांच्या रुग्णांत वेगवेगळी दिसलेली दोन्ही कारणे एकाच देहात थायामीन घटवू लागतात.