लिव्हरपूलचा साचा, कलकत्त्याचा रंग

खेळण्यातली जुनी मोटार विकत घ्यायची असेल तर आधी ती उलटी करून बघावी. वरून रंग, दिवे, काचा बघून माणूस भुलतो. खरी कुंडली तळाला असते. कुणी ओतली, कुठे ओतली, रिव्हेट मूळचे आहेत की कुणी ड्रिल मारून गाडी उघडून परत बसवलीय, सगळं तिथे कळतं. ही सवय मला भोसरीच्या टूलरूममध्ये लागली. कार्ब्युरेटरच्या बॉड्या, कुलपांचे भाग, दारांच्या मुठी, असल्या जस्ताच्या कास्टिंगचे डाय, म्हणजे पोलादी साचे, आम्ही तिथे बनवायचो. निवृत्त झाल्यावर मी लहान गाड्या जमवतो आणि त्यांचे फोटो काढतो म्हटल्यावर लोक गालातल्या गालात हसतात. हसू देत. ज्याने आयुष्यभर डाय घासले त्याला अशा गाडीत आधी डाय दिसतो, मग गाडी.

आणि डायकडून बघितलं की या खेळण्याचा इतिहास जरा वेगळा दिसतो. पुस्तकांत तो कंपन्यांचा असतो: अमक्याने काढली, तमक्याने विकत घेतली, अमुक साली बुडाली. पण कंपनी बुडाली तरी डाय बुडत नाही. पोलादाचा तो ठोकळा कुणीतरी उचलतो, दुसऱ्या गावाला नेतो, आणि तीच गाडी दुसऱ्या रंगात पुन्हा बाहेर पडायला लागते.

सुरुवात मोटारींसाठी झालीच नव्हती. लिव्हरपूलमध्ये बिन्स रोडवर फ्रँक हॉर्नबी यांचा मेकॅनोचा कारखाना होता. मेकॅनो म्हणजे भोकांच्या पट्ट्या आणि नटबोल्ट. त्याच्या जोडीला ते खेळण्यातली आगगाडीही बनवत. आगगाडीच्या स्टेशनाबाहेर मोटारी उभ्या दिसाव्यात म्हणून 1933च्या डिसेंबरात त्यांनी सहा वाहनांचा एक संच काढला. 1934 साली त्याला ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळालं. डिंकीच्या गाड्या खऱ्या गाडीच्या साधारण 43 पट लहान असतात. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो आगगाडीच्या मापातून आलाय: एका फुटाला सात मिलिमीटर. आजही जगभर 43च्या मापात मॉडेलं निघतात.

पहिल्या गाड्यांमध्ये शिसं होतं. मग जस्ताचा मिश्रधातू आला: जस्त, त्यात चारेक टक्के अ‍ॅल्युमिनियम, चिमूटभर मॅग्नेशियम, थोडं तांबं. हा धातू सव्वाचारशे अंशांच्या आत ओतता येतो, पाण्यासारखा पातळ होऊन कोपऱ्याकोपऱ्यात शिरतो, आणि मुख्य म्हणजे डायला फारसा चावत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा डाय लाखभर शॉटनंतर (एकदा धातू भरला की एक शॉट) तडकायला लागतो. जस्ताचा नीट सांभाळला तर दहा लाखांना हसत हसत पोचतो. हा एक आकडा लक्षात ठेवला की पुढच्या पुष्कळ गोष्टी उलगडतात.

या धंद्यातला माझा लाडका माणूस म्हणजे जॅक ओडेल. लंडनचा, तेरा-चौदाव्या वर्षीच शाळेबाहेर पडलेला, हाताने शिकलेला डायकास्टिंगवाला. 1947 साली लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोन मित्रांनी (नातं काही नाही, आडनाव तेवढं एक) लेस्ली आणि रॉडनी मिळून ‘लेस्नी’ नावाची कंपनी काढली आणि ‘द रायफलमन’ नावाच्या बंद पडलेल्या दारूच्या गुत्त्यात यंत्रं बसवली. काम उद्योगांसाठी सुटे भाग ओतायचं. पण वर्षअखेरीला गिऱ्हाईक माल उचलायचं थांबवत, कारण शिल्लक मालावर करआकारणी होई. ओडेलही लवकरच त्यांना येऊन मिळाले. रिकामी यंत्रं बघून यांनी खेळणी ओतायला घेतली. भोसरीत मार्चअखेर काढलेल्या कुणालाही हे सांगून समजवावं लागणार नाही.

ओडेल यांच्या मुलीची गोष्ट सगळे सांगतात, मीही सांगतो. तिच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायची परवानगी होती, आणि ही पोर पेटीत कोळी घालून न्यायची. बापाने कोळ्यांऐवजी पितळेचा इवलासा रोडरोलर घडवून दिला. वर्गातल्या सगळ्यांना तसा हवा झाला. 1953 साली ‘मॅचबॉक्स’ बाजारात आली, ती खरोखर काडेपेटीसारख्या पेटीतून.

पण मला त्याहून जास्त आवडते ती शाही बग्गीची गोष्ट. लेस्नीने ब्रिटनच्या राजघराण्याच्या बग्गीचं मॉडेल आखलं, त्यात राजा आणि राणी शेजारी शेजारी. कोरियाच्या युद्धामुळे खेळण्यांना जस्त मिळेना, काम रखडलं. 1952च्या फेब्रुवारीत राजे सहावे जॉर्ज वारले. आता बग्गी खपणार ती एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाला, म्हणजे बग्गीत एकटी राणी हवी. पहिल्या थोड्या नगांत दोघंही आहेत. नंतरच्यांत राजा कंबरेपासून वर नाहीसा झाला. पाय तेवढे राहिले! मोठ्या बग्गीत निरखून पाहिलं तर राणीशेजारी ते दिसतात.

इंग्रज लेखक याकडे गंमत म्हणून बघतात. मला त्यात तो टूलरूमवाला दिसतो. कास्टिंगवर काही वाढवायचं असेल तर डाय आणखी कोरायचा, ते सोपं. कास्टिंगवरून काही काढायचं असेल तर डायमधला खड्डा भरायचा. वेल्ड मारा, घासा, पुन्हा जुळवा, आणि तरी पाचशे शॉटनंतर तिथेच चीर दिसते. मालाची घाई, राज्याभिषेकाची तारीख ठरलेली. जेवढं वरून दिसतं तेवढं भरलं आणि बाकी सोडून दिलं असणार. मीही तेच केलं असतं. छोट्या आकारातली बग्गी दहा लाखांवर खपली आणि त्या पैशावर मॅचबॉक्स उभी राहिली.

पुढची वर्षं भरभर सांगतो, कारण ती सगळीकडे वाचायला मिळतात. 1956 साली वेल्समधल्या स्वान्सीहून कॉर्गी आली, खिडक्यांना प्लॅस्टिकच्या काचा लावून. डिंकीला मागोमाग काचा बसवाव्या लागल्या. 1965 साली कॉर्गीने जेम्स बाँडची अ‍ॅस्टन मार्टिन काढली. सिनेमात ती चंदेरी, खेळण्यात सोनेरी, कारण चंदेरी रंगात ती रंगवायची राहून गेलेली कास्टिंग वाटत होती. 1968 साली अमेरिकेतून मॅटेलच्या हॉट व्हील्स आल्या. सोळा गाड्या, चकचकीत रंग, आणि बारीक तारेच्या एक्सलवर सुळकन पळणारी चाकं. मॅचबॉक्स तोवर जाड एक्सलवर रखडत चालायची. पोरांनी एकदा दोन्ही जमिनीवर ढकलून बघितल्या आणि निकाल लागला. 1969 साली मॅचबॉक्सनेही चाकं बदलली, पण वेळ गेली होती. 1979च्या नोव्हेंबरात बिन्स रोड बंद झाला, 1982 साली लेस्नी बुडाली, 1983 साली कॉर्गीची मालक मेटॉय.

आता डायकडे येऊ. साठच्या दशकात आपल्याकडे परकीय चलनाचा दुष्काळ होता; विलायती खेळणं यायचं ते बोटीवरच्या माणसाच्या ट्रंकेतून. पण मेकॅनोने आपले काही जुने डाय कलकत्त्याच्या एस. कुमार आणि कंपनीला विकले, आणि दशकाच्या अखेरीला डिंकीच्या गाड्या ‘निकी टॉइज’ या नावाने भारतात ओतल्या जाऊ लागल्या. धातू इथला, हात इथले, रंग तर अगदीच इथला. डिंकीचा रंग पातळ आणि एकसारखा. निकीचा लोखंडी कपाटाला मारतात तसा. इंग्लंडमधले संग्राहक पूर्वी या गाड्यांना नाकं मुरडत, आता त्याच गाड्यांच्या मागे असतात.

माझ्याकडे निकीची एक मिनिबस आहे, स्टँडर्ड 20. मुंबईच्या चोरबाजारात, जुम्म्याच्या पहाटे भरणाऱ्या बाजारात मिळाली. विक्रेत्याच्या चादरीवर ती पितळी नळ आणि चष्म्याच्या फ्रेमा यांच्यामध्ये पडली होती. “पोते के लिए?” म्हणाला. हो म्हटलं, नातवासाठी म्हटलं की भाव जरा खाली येतो. तळ तिरका धरला तर जुनं नाव जिथे बुजवलंय तिथला पृष्ठभाग बाकीच्यापेक्षा खरखरीत आहे. राजासारखंच हेही नीट पुसलं गेलेलं नाही.

या बसची आणखी एक मजा आहे. विलायतेत तिचं नाव स्टँडर्ड अ‍ॅटलस होतं आणि तिथे ती कुणाच्या फारशी लक्षात नाही. इकडे मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने खरी स्टँडर्ड 20 बांधली, आणि ती शाळेची गाडी म्हणून, रुग्णवाहिका म्हणून पुष्कळ धावली. म्हणजे बसही विलायती साच्यातून आलेली आणि तिचं खेळणंही. डिंकीची 1950 सालची मॉरिस ऑक्सफर्ड घ्या: इंग्रज माणसाला ती मॉरिस, पण आपल्याकडे तीच गाडी उत्तरपाड्याहून ‘हिंदुस्थान 14’ म्हणून निघाली, अ‍ॅम्बेसेडर नंतरच्या मॉरिसवरून आली. डिंकीची ट्रायम्फ हेराल्ड म्हणजे आपली स्टँडर्ड हेराल्ड. माझ्या वयाच्या माणसाने डिंकीचा जुना कॅटलॉग उघडला तर त्याला लंडनऐवजी लकडी पूल आठवतो.

ऐंशीच्या दशकात पुन्हा तेच झालं. आपल्या ब्लो प्लास्टच्या ‘लिओ’ने मॅटेलबरोबर इथे हॉट व्हील्स काढल्या. डाय अमेरिकेने वापरून बाजूला ठेवलेले, रंग अमेरिकेने कधी न मारलेले. ‘लिओ मॅटेल’ म्हटलं की परदेशी संग्राहक आजही कान टवकारतात. आपल्याकडच्या बहुतेक लिओ मुलांनी अंगणात संपवल्या. खेळणं होतं, तेच व्हायला हवं होतं.

जमवणाऱ्याचा खरा शत्रू मात्र मूल नाही, शिसं आहे. वितळलेल्या जस्तात शिशाचा अगदी हजारातला अंश जरी गेला तरी कास्टिंग आतून, दाण्यादाण्याच्या सांध्यातून कुजायला लागते. आधी बारीक चिरा, मग टप फुगतं, एक्सल आवळले जातात, आणि एक दिवस गाडीचे हातात तुकडे येतात. युद्धापूर्वीच्या डिंकींना हा रोग फार. वितळपात्रात कुणीतरी भंगार टाकलं, एवढंच कारण पुरतं. दमट हवेत तो जास्त फोफावतो, त्यामुळे कोकणात किंवा मुंबईत युद्धपूर्व डिंकी ठेवणाऱ्याची मला काळजीच वाटते. आमच्याकडे जस्ताच्या लगडीबरोबर 99.99 टक्के शुद्धतेचं सर्टिफिकेट यायचं आणि आम्ही ते फाइलला लावून विसरायचो. त्या दोन नवांमागे केवढ्या गाड्या मेल्या आहेत, हे मला छंद लागल्यावर कळलं.

फोटोंची ओढ लागली ती मायकेल पॉल स्मिथ या अमेरिकन गृहस्थांचं काम पाहून. 2018 साली ते गेले. 24च्या मापातल्या गाड्या आणि हाताने बांधलेली घरं ते रस्त्यालगत टेबलावर मांडत, टेबलाची कड मागच्या खऱ्या रस्त्याशी जुळवत, आणि साध्या डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढत. एल्गिन पार्क नावाचं एक अख्खं गाव त्यांनी असं वसवलं. पन्नासच्या दशकातलं ते गाव कुठेच नाही, फोटोंत मात्र आहे.

मी त्यांचीच रीत धरतो, मोबाइलवर. मोबाइलचा सेन्सर इवलासा असल्याने बंपरपासून मागच्या झाडापर्यंत बरंच काही स्पष्ट येतं. मोठ्या कॅमेऱ्याला तिथे धाप लागते. लेन्स जमिनीपासून चार सेंटिमीटरवर हवी: उभ्या माणसाचे डोळे, भागिले 43. त्याहून वर गेलात की खेळणं दिसायला लागतं. ऊन सकाळचं, एकाच बाजूने येणारं. डांबरी रस्त्याला काळा पॉलिश पेपर. माती चाळून घ्यावी, कारण अर्ध्या मिलिमीटरचा कण या मापात वीस एमएमची खडी होतो. आणि पाणी शिंपडू नये. गाडी लहान करता येते, थेंब लहान करता येत नाही. बॉनेटवर दोन मिलिमीटरचा थेंब म्हणजे साडेआठ सेंटिमीटरचा गोळा.

इतक्या जवळून कास्टिंग काही लपवू देत नाही. छताच्या कडेने पार्टिंग लाईन, म्हणजे डायच्या दोन भागांचा सांधा, कुठे जाते, कास्टिंग बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे ठसे कुठे लपवले, सांध्यातून बाहेर आलेला फ्लॅश कुणी कानसेने काढला आणि कुणी तसाच ठेवला, सगळं दिसतं. निकीच्या बसला उजवीकडे रंगाचा दुसरा हात बसलाय आणि दाराची रेघ पूर्ण भरून गेलीय. डावीकडे मात्र ती स्वच्छ आहे, लिव्हरपूलच्या कारागिराने कोरली तशी. म्हणून पहिल्यांदा मी तिचे सगळे फोटो डावीकडून काढले. आता उजवीकडून काढतो. ती बाजू कलकत्त्याच्या रंगाऱ्याची आहे, आणि त्याचं काम दाखवणारा फोटो मी अजून कुठे पाहिलेला नाही.