शब्दांकडून फलाकडे: मास्टर रामचंद्र ते मॅक्सिमा

एका संख्येचे दोन भाग असे करा की त्यांचा गुणाकार जास्तीत जास्त येईल. हे वाक्य सोडवण्याआधी त्याचे गणिती फल करावे लागते. संख्या १० असेल आणि एक भाग क्ष, तर फल होते क्ष × (१० − क्ष). शाब्दिक उदाहरणात विद्यार्थी अडतो तो बहुधा इथेच, पुढच्या आकडेमोडीत नव्हे.

दिल्ली कॉलेजातील शिक्षक मास्टर रामचंद्र (जन्म १८२१) यांनी अशाच महत्तम-लघुत्तम मूल्यांच्या उदाहरणांवर इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो १८५० मध्ये कलकत्त्यात छापला गेला. विकलन टाळून त्यांनी बीजगणितच वापरले. गुणाकाराला र म्हणा; क्ष × (१० − क्ष) = र या वर्गसमीकरणाची मुळे वास्तव राहायची तर र २५ पेक्षा मोठा असू शकत नाही. म्हणून दोन्ही भाग ५. लंडनच्या ऑगस्टस डी मॉर्गन यांना ही रीत इतकी महत्त्वाची वाटली की १८५९ मध्ये त्यांनी ग्रंथ तिथे पुन्हा प्रसिद्ध करवला. दरम्यान १८५७ च्या उठावात कॉलेज लुटले गेले होते, प्राचार्य टेलर मारले गेले होते; रामचंद्र कसेबसे वाचले. या कॉलेजात पाश्चात्त्य विज्ञान उर्दूतून शिकवले जाई, हेही ध्यानात ठेवावे.

वाक्याचे सूत्र माणूस करतो. सूत्राच्या मजकुराचे फल करण्याचे काम पुढे यंत्राकडे गेले. १९५७ च्या फोरट्रान भाषेचे नावच ‘सूत्र-भाषांतर’ या अर्थाचे आहे. १९६८ मध्ये एमआयटीत मॅक्सिमाची पूर्वज प्रणाली मॅकसिमा सुरू झाली, तीही लिस्प भाषेत. (रामचंद्रांच्या विषयाशी नाव जुळते, तो योगायोग.) विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून तिची एक आवृत्ती सांभाळली आणि १९९८ मध्ये ती मुक्त परवान्याखाली आणण्याची परवानगी मिळवली. आपण ती फुकट वापरतो, ती त्यामुळे.

संगणकाला "क्ष*(१०-क्ष)" हा मजकूर म्हणजे नुसती अक्षरांची ओळ. ती तोडून, क्रियांचा अग्रक्रम पाहून तिचा वृक्ष केला जातो: मुळाशी गुणाकार, एका फांदीवर क्ष, दुसरीवर वजाबाकी. गुणाकाराचे चिन्ह गाळले, तर कागदावर चालते. इथे चूक निघते.

प्रात्यक्षिकात हमखास होणारी गडबड वेगळीच असते. मॅक्सिमात ‘पार्स-स्ट्रिंग’ मजकुराची राशी करते, पण तिची किंमत काढत नाही. फलाची व्याख्या साध्या := चिन्हाने करून उजवीकडे ही आज्ञा लिहिली, तर फ(३) विचारल्यावर २१ येत नाही; क्ष असलेली राशीच परत येते. कारण := उजवी बाजू व्याख्येच्या वेळी तशीच ठेवते. मजकूर फल मागवतानाच वाचला जातो, आणि त्यातल्या क्ष मध्ये ३ भरलाच जात नाही. ‘डिफाइन’ मात्र उजवी बाजू आधी उलगडते, मग व्याख्या नोंदवते. तेव्हा फ(३) = २१, फ(५) = २५.