कोड तोच, कंपायलर तोच, मग फाइल दरवेळी वेगळी का?

तुम्ही सकाळी एक प्रोग्रॅम कंपाइल केला. दुपारी त्यातलं एक अक्षरही न बदलता पुन्हा केला. तरीही दोन्ही वेळी तयार झालेल्या फाइल जुळल्या नाहीत. सॉफ्टवेअर करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. बहुतेक वेळा त्यात बिघाड काहीच नसतो, फक्त आतल्या गोष्टींचा क्रम बदललेला असतो. प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो, म्हणून कोणी तिकडे लक्ष देत नाही.

पण तुमच्या मोबाइलमधलं ॲप त्याच्या जाहीर केलेल्या कोडपासूनच बनलंय का, हे तपासायचं ठरवलं की हाच क्रम आडवा येतो. हे प्रकरण काय आहे, ते कोल्हापूर जिल्ह्याच्या तालुक्यांच्या यादीवरून समजून घेऊया.

कंपायलर नेमकं काय बाहेर देतो?

माणसाने लिहिलेल्या कोडचं रूपांतर यंत्राला कळणाऱ्या रूपात करणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. त्याचं मुख्य काम एवढंच. पण त्यासोबत तो बरीच माहितीही लिहून देतो: प्रोग्रॅममध्ये कोणती फंक्शन आहेत, त्यांना काय द्यावं लागतं, कुठल्या ओळीवर इशारा आहे, कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे. ही माहिती ठरावीक चौकटीत, अनेकदा जेसन या स्वरूपात असते. दुसरे प्रोग्रॅम ती वाचतात आणि पुढची कामं करतात.

आता समजा, एका प्रोग्रॅमचे बारा भाग आहेत आणि प्रत्येकाला एका तालुक्याचं नाव दिलंय: करवीर, पन्हाळा, शाहूवाडी, कागल, हातकणंगले, शिरोळ, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, गडहिंग्लज, चंदगड आणि आजरा. कंपायलरने या भागांची यादी द्यायची आहे. पहिल्या वेळी यादी कागलपासून सुरू झाली, दुसऱ्या वेळी चंदगडपासून. बारा नावं दोन्हीकडे आहेत, चूक कुठेच नाही. तरी संगणकाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या फाइल आहेत.

क्रम बदलतो कशामुळे?

पहिलं आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे हॅश टेबल. नाव दिलं की माहिती झटकन सापडावी, यासाठी संगणक नावावर एक गणित करतो आणि त्यातून खणाचा क्रमांक काढतो. करवीर सातव्या खणात, कागल दुसऱ्या खणात, असं काहीतरी. शोधायला हे फार वेगवान आहे. पण सगळे खण ओळीने वाचत गेलं तर नावं खणांच्या क्रमाने बाहेर येतात, तुम्ही लिहिलेल्या क्रमाने नाही.

त्यात आणखी एक भर पडली. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनमधल्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या परिषदेत दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की सगळी नावं एकाच खणात पडतील अशी मुद्दाम निवडून पाठवली तर मोठा सर्व्हरही गुदमरतो. त्यावर उपाय म्हणून अनेक भाषांनी खणाच्या गणितात दरवेळी नवा यादृच्छिक आकडा मिसळायला सुरुवात केली. २०१२ मध्ये आलेल्या पायथन ३.३ मध्ये हे आपोआप सुरू असायचं. गो भाषेने त्याच वर्षीच्या पहिल्या आवृत्तीत मॅप वाचण्याचा क्रम मुद्दाम अनिश्चित ठेवला, म्हणजे प्रोग्रॅमरने त्या क्रमावर विसंबून राहू नये. थोडक्यात, हा विस्कळीतपणा काही ठिकाणी सुरक्षेसाठी जाणूनबुजून आणलेला आहे.

पुढे २०१८ च्या पायथन ३.७ पासून डिक्शनरीत ज्या क्रमाने गोष्टी टाकल्या, त्याच क्रमाने त्या बाहेर येतील अशी हमी मिळाली. मात्र त्याच भाषेतल्या सेट या प्रकाराला ती हमी आजही नाही.

इतर कारणंही आहेत:

– मेमरीतला पत्ता: काही प्रोग्रॅम वस्तूंचा क्रम त्या मेमरीत कुठे आहेत यावरून लावतात. सुरक्षेसाठी ऑपरेटिंग सिस्टिम हे पत्ते दरवेळी बदलते.

– एकाच वेळी चालणारी कामं: बारा भाग चार प्रोसेसरवर वाटून दिले तर ज्याचं आधी संपेल त्याचं नाव आधी लागतं.

– फोल्डरमधल्या फाइल: त्या कोणत्या क्रमाने मिळतील हे डिस्कवरच्या फाइल सिस्टिमवर अवलंबून असतं.

– वेळ आणि जागा: फाइल कधी आणि कुठल्या फोल्डरमध्ये तयार झाली, हे कंपायलर आत लिहून ठेवतो. हा क्रमाचा प्रश्न नाही, पण परिणाम तोच होतो.

– भाषेची सेटिंग: नावं कोणत्या भाषेच्या नियमाने लावायची, हे प्रत्येक संगणकावर वेगळं ठरलेलं असू शकतं. मराठीसाठी हे कारण फार महत्त्वाचं आहे, त्याकडे पुढे येऊ.

एवढ्याने बिघडतं काय?

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत एका पॅटर्नवरून शंभर कास्टिंग काढली तर प्रत्येकाला गेज लावून तपासता येतं. माप आधी ठरलेलं असतं, म्हणून फरक दिसला की तो दोष समजायचा. सॉफ्टवेअरमध्ये गेजचं काम हॅश बेरीज करते. एसएचए-२५६ सारखं गणित फाइलवर चालवलं की एक लांबलचक आकडा मिळतो. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी तो आकडा पूर्ण बदलतो. पण चांगल्या फाइलचेच आकडे दरवेळी वेगळे येत असतील तर खराब फाइल ओळखणार कशी?

हा धोका पुस्तकी नाही. २०२० मध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स प्रकरणात हल्लेखोरांनी कंपनीच्या सॉफ्टवेअर बनवण्याच्या प्रक्रियेतच घुसखोरी केली होती. मूळ कोड वाचून काही सापडलं नसतं, कारण विष बांधणीच्या वेळी मिसळलं गेलं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लिनक्सवरच्या साधनात चोरवाट सापडली. ती सुरू करणारी फाइल लोकांना डाउनलोडसाठी दिलेल्या गठ्ठ्यात होती, सार्वजनिक कोडच्या साठ्यात नव्हती.

केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये छापून आलेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हीच भीती मांडली होती: कंपायलरच बिघडवला असेल तर स्वच्छ कोडमधूनही घातक प्रोग्रॅम तयार होऊ शकतो. त्यावर डेव्हिड व्हीलर यांनी पुढे एक उपाय मांडला. दोन वेगवेगळ्या कंपायलरांकडून तपासायच्या कंपायलरचा कोड बांधून घ्यायचा, त्यातून मिळालेल्या दोघांकडून तोच कोड पुन्हा बांधायचा आणि शेवटचे निकाल ताडून पाहायचे. पण त्यासाठी पहिली अट हीच, की त्याच कोडचं आउटपुट दरवेळी तंतोतंत तेच यावं.

डेबियन या लिनक्स प्रकल्पात २०१३ पासून यावर पद्धतशीर काम सुरू आहे. तिथे एकच पॅकेज दोनदा बांधतात. दुसऱ्या वेळी तारीख, टाइमझोन, संगणकाचं नाव, भाषेची सेटिंग अशा गोष्टी मुद्दाम बदलतात आणि तरीही फाइल तीच येते का ते बघतात.

रोजच्या कामातही फायदा होतो. आउटपुट न बदलल्यास पुढची पायरी पुन्हा चालवावी लागत नाही, वेळ आणि वीज वाचते. दोन आवृत्त्यांची तुलना करताना खरा बदल दोन ओळींचा असेल तर दोनच ओळी दिसतात. नाहीतर क्रम बदलल्याच्या शेकडो ओळींत तो बदल हरवून जातो.

उपाय: बाहेर पडताना रांग लावा

हॅश टेबल काढून टाकायची गरज नाही आणि सुरक्षेचा यादृच्छिक आकडाही बंद करायचा नाही. कंपायलरच्या पोटात क्रम कसाही असू दे. माहिती फाइलमध्ये लिहिण्याच्या क्षणी मात्र ती एका ठरलेल्या नियमाने लावायची. काम समांतर चालत असेल तर निकाल आधी गोळा करायचे आणि मग लावून लिहायचे.

नियम असा हवा, की बरोबरी सुटलीच पाहिजे. वडगाव नावाची गावं महाराष्ट्रात अनेक आहेत. फक्त नावावरून क्रम लावला तर त्यांच्यात आधी कोण हे पुन्हा नशिबावर जातं. म्हणून नाव, मग तालुका, मग जिल्हा असा शेवटपर्यंत नियम लागतो. कंपायलरमध्ये तेच: फाइलचं नाव, मग ओळ, मग स्तंभ, मग इशाऱ्याचा प्रकार.

वेळेसाठीही ठरलेला मार्ग आहे. सोर्स डेट एपॉक नावाच्या सेटिंगमध्ये एक निश्चित तारीख देतात, सहसा कोडमधल्या शेवटच्या बदलाची. ते सेटिंग मानणारी साधनं चालू वेळेऐवजी तीच तारीख वापरतात.

जेसनच्या बाबतीत २०१७ चं प्रमाण, आरएफसी ८२५९, सांगतं की ऑब्जेक्टमधल्या नावांना क्रम नाही. म्हणून ज्यांना हॅश किंवा सही करायची आहे त्यांच्यासाठी २०२० मध्ये आरएफसी ८७८५ आलं. त्यात नावं कशी लावायची, आकडे कसे लिहायचे, मोकळ्या जागा काढायच्या, हे सगळं ठरवून दिलं आहे. सॉलिडिटी या ब्लॉकचेनच्या भाषेचा कंपायलरही आपला मेटाडेटा असाच नावांचा क्रम लावून आणि मोकळ्या जागा काढून लिहितो, कारण त्याचा हॅश तयार प्रोग्रॅममध्ये जातो.

सगळंच लावायचं का? नाही

कोल्हापूरहून मिरजेला रेल्वेने जाताना रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर, मिरज अशी स्थानकं लागतात. ही यादी अक्षरांप्रमाणे लावली तर जयसिंगपूर, मिरज, रुकडी, हातकणंगले होईल आणि प्रवाशाची दिशाभूल होईल. तालुक्यांच्या यादीत क्रमाला अर्थ नव्हता, इथे आहे.

कंपायलरमध्येही फंक्शनला द्यायच्या गोष्टींचा क्रम अर्थपूर्ण असतो. तो बदलला तर प्रोग्रॅमच चुकतो. म्हणून आधी प्रत्येक यादीसाठी ठरवायचं: क्रमाला अर्थ आहे का? असेल तर कोडमध्ये होता तसाच ठेवायचा. नसेल तर नियमाने लावायचा.

मराठी नावांची खास अडचण

शाळेत आपण वर्णमाला म्हणतो तेव्हा शेवट ‘स, ह, ळ, क्ष, ज्ञ’ असा येतो. युनिकोडमध्ये मात्र ळ चा क्रमांक २३५५ आहे आणि तो ल नंतर, व च्या आधी बसतो. स चा क्रमांक २३६०.

आता कोल्हापुरातली दोन ठिकाणं घ्या, कळंबा आणि कसबा बावडा. युनिकोडच्या आकड्यांनी कळंबा आधी येतं. मराठी वर्णमालेने कसबा बावडा आधी, कारण स आधी आणि ळ नंतर. एका संगणकावर मराठी क्रम पाळणारी सेटिंग असेल आणि दुसऱ्यावर नसेल, तर तोच कंपायलर दोन याद्या देईल. ॲ चं तर आणखी वेगळं. त्याचा क्रमांक २४१८ असल्यामुळे ‘ॲप’ हा शब्द ह च्याही मागे जाऊन बसतो.

याचं उत्तर सरळ आहे. यंत्राने वाचायच्या फाइलमध्ये फक्त युनिकोडच्या आकड्यांचा क्रम वापरायचा, संगणकाची भाषेची सेटिंग विचारायचीच नाही. मराठी वर्णमालेचा क्रम माणसाला यादी दाखवताना, पडद्यावर लावायचा.

दुसरी अडचण दिसतच नाही. ‘शेतकऱ्याचे नाव’ मधला ऱ हा एकच अक्षर म्हणून, २३५३ क्रमांकाने, लिहिता येतो. साधा र आणि त्याखाली नुक्ता, असा दोन क्रमांकांनीही लिहिता येतो. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. युनिकोडचं सामान्यीकरण चालवलं की ही दोन्ही रूपं एक होतात, म्हणून क्रम लावण्याआधी ते करून घ्यायचं. पण ॲ हे अक्षर अ वर चंद्र देऊनही टाइप करता येतं आणि ती दोन रूपं सामान्यीकरणाने एक होत नाहीत. तिथे प्रकल्पाने स्वतःच एक रूप ठरवून पाळावं लागतं.

तुम्हाला तपासायचं असेल तर

तुम्ही प्रोग्रॅमिंग शिकत असाल तर ही चाचणी आजच करता येईल. आपला प्रकल्प दोनदा बांधा. दुसऱ्या वेळी फोल्डर बदला, टाइमझोन बदला, भाषेची सेटिंग बदला. दोन्ही फाइलचा एसएचए-२५६ काढा. आकडे जुळले तर उत्तम. नाही जुळले तर डिफोस्कोप हे मोफत साधन नेमका फरक कुठे आहे ते उघडून दाखवतं.

एक सूचना: दोनदा जुळलं म्हणजे कायम जुळेल असं नाही. बारा नावांचा क्रम योगायोगानेही सारखा येऊ शकतो. म्हणून ही चाचणी प्रत्येक बदलानंतर आपोआप चालेल अशी ठेवतात.

आणि तुम्ही फक्त ॲप वापरणारे असाल तर एवढं लक्षात ठेवा. ‘आमचा कोड खुला आहे’ हे वाक्य अर्धंच आहे. त्या कोडपासून कोणीही घरी बसून तंतोतंत तीच फाइल बनवू शकत असेल, तर तो दावा तपासता येतो. नाहीतर तो नुसता शब्दावर ठेवलेला विश्वास असतो.